परवलीचा शब्द

मोठ्या कचेऱ्यांतून आणि कॉलेजांतून संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात, तिला स्विच म्हणतात. त्यांतल्या जाणत्या पेट्या, कोणता निरोप कोणत्या वाटेने धाडावा हे शेजारच्या पेट्यांकडून ऐकून ठरवितात. आता शेजारी म्हणून एखादा तोतयाच येऊन बसला तर? सारे टपाल त्याच्या घरी!

म्हणून ‘ओएसपीएफ’ या पद्धतीत दोन्ही टोकांना एकच परवलीचा शब्द आणि त्याचा क्रमांक नोंदविता येतो. गंमत अशी, की चांगल्या व्यवस्थेत हा शब्द तारेवरून जातच नाही. त्याच्या आधारे काढलेली खूण तेवढी निरोपाला जोडतात. खूण जुळली नाही, की निरोप केराच्या टोपलीत! शब्द बदलायचा तर नवा आधी जुन्याच्या जोडीला दोन्हीकडे ठेवावा, मग जुना काढावा. एकाच टोकाला बदलला, तर साधारण चाळीस सेकंदांत शेजारधर्म संपतो.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नये. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब अडविण्यासाठी एक खोटी वाट जाहीर केली. ‘बीजीपी’ या दुसऱ्या पद्धतीने ती हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे गेली. तिने ती न पारखता पुढे सांगितली, आणि सुमारे दोन तास जगातल्या असंख्य लोकांना यूट्यूब दिसेना. तिथे तोतया कुणीच नव्हता. शेजारी ओळखीचाच होता!

बोलणारा कोण, एवढेच परवलीचा शब्द सांगतो. त्याची कोणती वाट मानायची, याची यादी मात्र आपली आपणच ठेवावी लागते.