साठीनंतरची सागरसफर : हलके जाकीट निवडताना



दिवाळी सरली की घरोघरी सहलीचे बेत रंगू लागतात. तारकर्ली, अंदमान, लक्षद्वीप अशी नावे निघतात आणि नातवंडे हट्ट धरतात, "आजी, या वेळी तूही चल पाण्याखाली!" एकेकाळी हसून टाळले जाणारे हे आमंत्रण आता अनेक ज्येष्ठ स्वीकारू लागले आहेत. काहींनी तर निवृत्तीनंतर स्कूबा डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. अशा मंडळींना दुसऱ्या-तिसऱ्या सहलीनंतर स्वतःचे साहित्य घ्यावेसे वाटते आणि पहिला प्रश्न पडतो तो जाकिटाचा. प्रवासात ओझे नको, म्हणून सर्वांत हलके कोणते, असे आपण विचारतो. हा प्रश्न चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे.

आधी एक खुलासा. आपण आयुष्यात एकदाच, प्रशिक्षकाचा हात धरून पाण्यात उतरणार असाल, तर काहीही विकत घेऊ नये. सर्व साहित्य तेथेच मिळते आणि ते हाताळण्याचे काम प्रशिक्षकच करतो. पुढील विवेचन आहे ते प्रशिक्षण पूर्ण करून वारंवार जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या काळजीपोटी जीव टांगणीला लागलेल्या घरच्यांसाठी.

हे जाकीट करते काय?

पाणबुडे ज्याला 'बीसीडी' म्हणतात, ते हवा भरता येणारे, बिनबाह्यांचे जाकीट असते. पाठीवर हवेचा सिलिंडर धरून ठेवणे आणि पाण्यातील आपला तरंग सांभाळणे, ही त्याची दोन कामे. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीच्या टोकाला दोन बटणे असतात. एकाने सिलिंडरमधील हवा जाकिटात शिरते, दुसऱ्याने बाहेर पडते. हवा भरली की शरीर वर येऊ लागते, सोडली की खाली जाते. योग्य प्रमाण साधले की माणूस पाण्यात अधांतरी, विनासायास तरंगतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या अवस्थेत जो विसावा मिळतो, तो जमिनीवर क्वचितच लाभतो.

घरच्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बीसीडी म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर ठेवीलच, अशी खात्री नसते. होडीतून जाता-येता लाइफ जॅकेट वेगळे घालावेच लागते.

किलोंचा हिशेब

नेहमीच्या बीसीडीचे वजन साधारण ३ ते ५ किलो असते. प्रवासासाठी बनवलेली जाकिटे बहुधा २ ते ३ किलोंच्या घरात येतात आणि घडी करून पेटीत बसतात. विमानात सामान मोजूनमापून न्यावे लागते, तेव्हा हा दीड-दोन किलोंचा फरक मोलाचा ठरतो. जाड अस्तर नसल्याने अशी जाकिटे लवकर वाळतात आणि स्वतः फारशी तरंगत नसल्याने कमरेला शिसेही थोडे कमी लागते.

परंतु पाठीचा हिशेब निराळा आहे. सर्वत्र वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामाच सुमारे १४ किलोंचा असतो. त्यात दाबून भरलेली हवा आणखी अडीच किलोंच्या आसपास. शिसे आणि श्वासयंत्र जमेस धरले की पाठीवरील भार २० किलोंच्या वर जातो. हलत्या होडीत एवढे ओझे घेऊन उभे राहताना जाकिटातील दीड किलोची बचत कितीशी जाणवणार? ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत किंवा ज्यांना मणक्याचा त्रास आहे, त्यांनी खरी बचत दुसरीकडे शोधावी. साहित्य बसूनच चढवावे. शक्य असेल तेथे ते आधी पाण्यात सोडण्याची विनंती करावी आणि तरंगत असतानाच अंगात घालावे. परतताना पाण्यातच उतरवून होडीवर द्यावे. अशी विनंती करण्यात कमीपणा मानू नये.

हलके जाकीट आपल्याला पेलेल का, अशीही शंका असते. जाकिटाच्या पट्टीवर तरंगशक्ती न्यूटनमध्ये छापलेली असते. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो. डुबकीच्या आरंभी सिलिंडरमधील हवेचे अडीच किलो जास्तीचे असतात. खोल जाताना वेटसूट दाबला जाऊन त्याचा तरंग घटतो. पातळ, ३ मिलिमीटरच्या सुटात ही घट दीड-दोन किलोंची धरावी. म्हणजे गरज पाचेक किलोंची, आणि वर डोके पाण्याबाहेर राहावे एवढी शिल्लक हवी. आपल्याकडील उबदार समुद्रात १२० न्यूटनच्या आसपासचे जाकीट पुरेसे होते. थंड प्रदेशात जाड सूट घालणाऱ्यांना मात्र ते अपुरे पडेल.

माझ्या अंगठ्याने शिकवलेला धडा

माझे पहिले जाकीट मी निव्वळ वजनकाट्यावर पारखून घेतले. दुकानात ते फुलासारखे वाटले. दुसऱ्या वर्षी अंदमानात, जेमतेम ६ मीटर खोलीवर, हवा भरण्याचे बटण दाबले आणि ते दबलेलेच राहिले. आदल्या दिवशी मी नळी गोड्या पाण्याने नीट धुतली नव्हती. बटणात मीठ साचले होते. जाकीट फुगू लागले आणि मी वर खेचला गेलो. अशा वेळी नळीची जोडणी सोडवायची आणि हवा सोडण्याची दोरी ओढायची, हे मला मुखोद्गत होते. पण जोडणीची कडी मागे खेचायला दोन बोटांत जो जोर लागतो, तो माझ्या संधिवाताने आखडलेल्या अंगठ्यात नव्हता. खांद्यावरील दोरीची गाठ इतकी बारीक की ती हाताला लागेना. सोबत्याने झेप घेऊन जाकिटाच्या खालची झडप उघडली, म्हणून निभावले.

वेगाने वर येताना फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. त्या क्षणी कोणी श्वास रोखला, तर थोड्याशा खोलीवरूनही फुप्फुसांना इजा होऊ शकते. त्या संध्याकाळी मला उमगले, की जाकीट माझ्या पेटीला साजेसे होते, माझ्या हातांना नव्हते.

विकत घेण्यापूर्वी

म्हणून दुकानात वेटसूट घालून आणि शक्य तर हात ओले करून पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली परीक्षा बोटांची. डोळे मिटून प्रत्येक बकल लावावे व सोडावे. दोन्ही बटणे वेगळी ओळखू येतात का, ते पाहावे. हवा सोडण्याच्या दोऱ्यांना मोठी, मुठीत मावणारी मूठ असावी. नळीची जोडणी सलग पाच वेळा सोडवावी. पाचव्या वेळी बोटे थकत असतील, तर ते जाकीट आपले नव्हे. शिशाचे कप्पे जाकिटातच असतील, तर एका हाताने ओढून ते मोकळे झाले पाहिजेत.

दुसरी परीक्षा छातीची. जाकीट पूर्ण फुगवून दीर्घ श्वास घ्यावा. भोवती गुंडाळणारी जाकिटे फुगल्यावर बरगड्या आवळतात. दम लागणाऱ्यांना ते सोसत नाही. केवळ पाठीमागे फुगणाऱ्या प्रकारात छाती मोकळी राहते, परंतु पाण्याच्या पृष्ठभागावर ते जास्त भरल्यास माणसाला पुढे झुकवते. दोन्ही प्रकार तलावात वापरून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. तोंडाने फुंकून जाकीट भरण्याचाही सराव करावा. यंत्रणा बिघडल्यास तोच मार्ग उरतो.

तिसरी परीक्षा पाठीची. अतिहलक्या जाकिटांत पाठीमागची ताठ पाटी काढून टाकलेली असते. सिलिंडर बांधून, बसल्या जागी पाच मिनिटे घालून पाहावे. तो मणक्याला टोचत असेल, तर अर्धा किलो जास्तीची गादी आनंदाने पत्करावी.

चौथी परीक्षा सोबत्याची. आपले प्रत्येक बकल आणि प्रत्येक झडप सोबत्याला न सांगता उघडता आली पाहिजे.

घरी आणल्यावर जाकीट फुगवून रात्रभर ठेवावे; सकाळी ते सैल पडले, तर परत करावे. प्रत्येक सहलीत ते रोज आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुवावे, बटणे पाण्याखाली दाबून पाहावीत, सावलीत वाळवावे, थोडी हवा राखून ठेवावे आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे.

घरच्यांशी दोन शब्द

पाण्यात शिरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरील भार वाढतो. त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान अथवा हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास असलेल्या व्यक्तीने डॉक्टरांची लेखी संमती घेतल्याविना डुबकी घेऊ नये. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी श्रम सोसण्याची ताकद कमी होते. अर्जातील प्रश्नांना 'नाही' असे लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा. पाण्यात धाप लागली किंवा खोकला आला, तर डुबकी तेथेच संपवावी. एकच डुबकी घेतली असेल तर किमान १२ तास आणि अनेक घेतल्या असतील तर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. परतीचे तिकीट त्या बेताने काढावे.

आणि एक विनंती. "या वयात कशाला?" एवढे बोलून विषय संपवू नका. त्याऐवजी दुकानात सोबत जा, बकले सोडवून पाहा, डॉक्टरांकडे बरोबर बसा. आपल्या माणसाचे जाकीट आपल्याला उघडता येते, ही जाणीव उभयतांची झोप शांत करते. माझे आताचे जाकीट पहिल्यापेक्षा ७०० ग्रॅमने जड आहे. तेवढ्यासाठी मी पेटीतून दोन पुस्तके कमी केली. अंगठ्याची मात्र तक्रार नाही.