सगळ्यांत लांब साखळी

प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदतीत आणि ठरावीक पैशात एकदाच पुरे करायचे काम. रोज गाड्या चालवणे हा प्रकल्प नव्हे; त्यांच्यासाठी मार्ग बांधणे हा प्रकल्प. व्याप्ती, वेळ आणि खर्च एकमेकांत गुंतलेले असतात: एक हलले की उरलेली दोन जागेवर राहत नाहीत. म्हणून आधी व्याप्ती लिहून काढायची, मग कामाचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक जबाबदार माणूस नेमायचा. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूर मार्गाचे सात विभाग करून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपवला. पुढची पायरी क्रम लावण्याची, आणि खरे कौशल्य इथेच लागते. कोणते काम कोणत्या कामावर अडून आहे हे कागदावर मांडले की सगळ्यांत लांब साखळी दिसते. तोच क्रिटिकल पाथ. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत ही पद्धत आकाराला आली. या साखळीतला एक दिवस वाया गेला की अख्खा प्रकल्प एका दिवसाने मागे पडतो. साखळीबाहेरच्या कामांना मात्र थोडी सवड असते. सर्वाधिक लक्ष, पैसा आणि जोखमीचा विचार म्हणूनच या साखळीवर खर्च व्हायला हवा. कोकण रेल्वेचे इतर टप्पे एकेक करून सुरू झाले, पण गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात पाण्याने भिजलेली भुसभुशीत माती ढासळत राहिली, आणि त्या एका कामावर अडून राहिलेला संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला.