बोलीत हरलेले घर

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर हे तालुक्याचे गाव कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर वसले आहे. म्हैसूर सिल्कसाठी रेशमाचा धागा काढणारा सरकारी कारखाना येथेच आहे. अशा गावातील कामगाराने दागिने मोडून, उसनवारी करून घराच्या जागेसाठी रक्कम उभी करावी आणि शहरातील पैसेवाल्याने वरचढ बोली लावून ती जागा उचलावी, याला भांडवली अर्थशास्त्र ‘बाजाराचा नियम’ म्हणते. हरणारा त्याला नशीब म्हणतो आणि गप्प बसतो.

वस्तुतः यात नियमही नाही आणि नशीबही नाही. कोणाला बोली लावता येईल, हे कायदा ठरवितो. आणि कायदा कोणाच्या बाजूने झुकेल, हे वर्गांचे बलाबल ठरविते. देवराज अर्स यांच्या राजवटीत कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 मार्च 1974 पासून कुळांकडील जमिनी सरकारजमा झाल्या. कुळाला बोली लावावी लागली नाही. जमीन आपण कसतो, एवढेच न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे लागले. शेतीबाहेरील उत्पन्न मर्यादेपलीकडे असणाऱ्यास शेतजमीन विकत घेण्याची बंदी होती. ती मर्यादा 2015 साली 25 लाखांवर नेण्यात आली आणि 2020 साली बंदीच उठविण्यात आली. ज्याने कधी नांगर धरला नाही, त्याची थैली आता शिवारात उतरू शकते. शिवाराचा भाव चढला की गावातील घराच्या जागेचा भाव मागे राहत नाही.

मुंबईच्या गिरणगावाने हेच अनुभवले. 2005 साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस काढल्या. मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन 702 कोटी रुपयांना गेली. ज्यांच्या घामावर गिरण्या चालल्या, त्यांना त्या बोलीत स्थान नव्हते. परंतु चिवट लढ्यानंतर 2012 साली म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. ही घरे सर्वांना पुरणारी नव्हती. तरीही ती बोलीने नव्हे, हक्काने मिळाली.

बोध स्पष्ट आहे. श्रमिकाने अधिक काटकसर करून धनिकाशी स्पर्धा करावी, हा उपदेश फसवा आहे. सार्वजनिक जमिनीचा लिलाव थांबवा, ती घरांसाठी राखून ठेवा, शेतजमिनीवरील निर्बंध पुन्हा लागू करा, या मागण्यांवर शाखाशाखांनी कामगार, शेतमजूर आणि भाडेकरू यांना संघटित केले पाहिजे. बोलीत एकेकटा हरणारा माणूस संघटनेत एकेकटा राहत नाही.