खिळ्याला टांगलेली किल्ली

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. लांबच लांब रांगा, बंदूकधारी पहारेकरी, कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवणारे संकोचलेले प्रवासी आणि दाराबाहेर हात हलवणारे नातेवाईक. विमानतळात माणूस शिरतो तो संशयित म्हणून; तपासणीतून निर्दोष सुटला तरच तो प्रवासी होतो. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की, विमानतळ दुसऱ्या तऱ्हेचाही असू शकतो हे आपल्याला सुचतच नाही.

पण तसे विमानतळ आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. एकट्या अमेरिकेत सर्वांना खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यांपैकी नियंत्रण मनोरा असलेले पाचशेच्या आसपास. बाकीच्या ठिकाणी उतरायला परवानगी देणारा कोणी नाही आणि नाकारणाराही नाही. मक्याच्या शेतांमधून गेलेली एक धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडाची पिशवी, पत्र्याच्या चार-दोन शेड, इंधनाचा एक पंप आणि एक खोली. खोलीत कॉफीचे भांडे. झाला विमानतळ!

येथे येतात ती खासगी वैमानिकांची लहान विमाने. त्यांतले सर्वांत लोकप्रिय 'सेस्ना १७२'. १९५५ साली ते पहिल्यांदा उडाले आणि आजवर ४४ हजारांहून अधिक बनले. चार माणसांचे, एका इंजिनाचे, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारे. चालवणारे कोणी दंतवैद्य, कोणी शेतकरी, कोणी शाळामास्तर. खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्या परवान्यावर भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. म्हणजे हा मामला हौसेचा. शनिवारी सकाळी विमान काढायचे, शे-दीडशे मैलांवरच्या गावी उतरायचे, तिथे जेवायचे आणि संध्याकाळी परत. आपल्याकडे कोणी मिसळ खायला मुद्दाम गाडी काढून दुसऱ्या गावी जातो, तशातलाच प्रकार. वैमानिक मंडळी त्याला थट्टेने 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात. हॅम्बर्गर थोडक्या पैशांत मिळतो, इंधनाचे पैसे वेगळे.

मनोरा नाही, शिपाई नाही, मग विमाने एकमेकांवर आदळत कशी नाहीत? याचे उत्तर मोठे शिकण्यासारखे आहे. आसपासच्या विमानतळांसाठी रेडिओची एक सामाईक लहर ठरलेली असते. येणारा वैमानिक तीवर आपण कोठे आहोत आणि काय करणार आहोत हे सांगतो. वाक्याच्या सुरुवातीला गावाचे नाव, शेवटी पुन्हा तेच नाव. कारण एकाच लहरीवर तीन-चार गावांचे लोक बोलत असतात, आणि अर्धे वाक्य ऐकणाऱ्यालाही गाव कळले पाहिजे. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घालायची ती बहुधा डावीकडे वळत. रात्री धावपट्टीचे दिवे विझलेले असतील, तर आकाशातल्या वैमानिकाने रेडिओचे बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबायचे; खाली लख्ख उजेड होतो आणि पाव तास टिकतो. त्या वेळी गाव झोपलेले असते. अनोळखी माणूस अंधारातून येतो आणि गावचे दिवे स्वतःच्या हाताने लावतो.

या आतिथ्याला इतिहास आहे. १९३० च्या दशकात वैमानिकांजवळ धड नकाशे नसत, आणि वाट चुकून प्राण जात. तेव्हा फिबी ओम्ली या वैमानिक बाईंच्या कल्पनेतून सरकारने एक योजना चालवली. गावातल्या सर्वांत ठळक छपरावर, मग ते कोठाराचे असो की कारखान्याचे, गावाचे नाव वरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत रंगवायचे. लुईझ थेडन, ब्लांश नॉइस यांसारख्या नामांकित वैमानिक स्त्रिया गावोगाव जाऊन लोकांची मने वळवत हिंडल्या. पुढे महायुद्धात शत्रूला वाट सापडू नये म्हणून किनाऱ्याकडची नावे पुसावी लागली आणि युद्धानंतर पुन्हा रंगवावी लागली. आपण घराच्या दारावर नावाची पाटी लावतो ती रस्त्यावरून येणाऱ्यासाठी. या गावांनी ती आभाळातून येणाऱ्यासाठी लावली.

माझा एक भाचा आयोवा राज्यात राहतो आणि त्याला हा नाद आहे. त्याच्या शेजारी बसून असे दोन-तीन विमानतळ मी पाहिले. एका ठिकाणी आम्ही उतरलो तेव्हा चिटपाखरू नव्हते. खोलीचे दार उघडे. आत भिंतीवर एक खिळा, खिळ्याला मोटारीची किल्ली, खाली एक वही. बाहेर एक जुनाट मोटार उभी. भाच्याने वहीत नाव, वेळ आणि विमानाचा क्रमांक लिहिला, किल्ली घेतली आणि आम्ही गावात जेवायला गेलो. मोटार विमानतळाची, येणाऱ्या पाहुण्यांनी वापरायची, भाडे काही नाही. माझे सगळे आयुष्य बँकेत गेले. तिथे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांजवळ असतात आणि कोणा एकाला ती उघडता येत नाही. अशा माणसाला त्या खिळ्याकडे पाहून काय वाटले असेल, हे वाचकांनीच ओळखावे.

अमेरिकन माणसे फार सज्जन, म्हणून हे चालते, असे कोणाला वाटेल. मला ते पटत नाही. सज्जनपणावर कोणतीच व्यवस्था फार दिवस चालत नाही. बँकेत बसलेल्या कोणालाही हे विचारा. हे चालते, कारण वैमानिक एकमेकांना काही गोष्टी बजावून सांगत असतात. भाच्याकडून आणि त्याच्या मित्रांकडून मी त्या ऐकल्या, आणि त्या लिहून ठेवण्याजोग्या वाटल्या.

निघण्यापूर्वी फोन करा. छापील माहितीपुस्तिकेत धावपट्टीची लांबी मिळते. पण पंप आजच बिघडला आहे, संध्याकाळी हरणे धावपट्टीवर येतात, पिकांवर औषध फवारणारी विमाने सध्या दिवसभर चढ-उतार करताहेत, हे फोन उचलणारा माणूसच सांगतो. रेडिओ सक्तीचा नाही, तेव्हा कोणी बोलत नाही म्हणजे कोणी नाही असे समजू नका. डोळे उघडे ठेवा. विमान बांधायला दोर आपला आपण न्या. इंजिन चालू असताना शेपटी उघड्या शेडकडे करू नका, दुसऱ्याच्या घरात धुरळा जातो. गरज नसली तरी थोडे इंधन तिथेच घ्या. त्या चार पैशांवर ती खोली आणि ते कॉफीचे भांडे चालते. मोटार नेलीत तर तासा-दोन तासांत परत आणा, आणि टाकी भरून आणा. कॉफी घेतलीत तर डब्यात डॉलर टाका. वहीत नाव लिहा. कारण विमानतळ चालू ठेवायचा की नाही याची चर्चा गावात निघते, तेव्हा ती वही पुरावा म्हणून उपयोगी पडते.

या यादीत विमान चालवण्याचे कौशल्य किती आणि पाहुणा म्हणून वागण्याची रीत किती, हे पाहा. दोर, टाकी, डबा, वही: सगळा मामला रीतीचा. आपल्या वारीच्या वाटेवर हीच रीत शेकडो वर्षे चालत आली आहे. दिंडी ज्या अंगणात उतरते ते अंगण सकाळी झाडून पुढे निघायचे, कारण पुढच्या वर्षी तिथेच उतरायचे असते. विश्वासाचे मर्म या 'पुढच्या वर्षी'मध्ये आहे. आपण परत येणार आहोत आणि आपल्यामागून आपल्यासारखेच येणार आहेत, हे ज्याच्या ध्यानात असते तो टाकी भरतो. लहान गावातल्या शाखेत कर्ज देताना आम्ही कागद पाहत असू ते नियमासाठी. खरा भरवसा या गोष्टीचा असे की, हा माणूस उद्या सकाळी याच रस्त्याने जाणार आहे. एकाने मोटार रिकाम्या टाकीने उभी केली, दुसऱ्याने ती रात्रभर ठेवून घेतली, की तिसऱ्याला खिळा रिकामा दिसतो. मग कुलूप येते आणि कुलपापाठोपाठ दरपत्रक.

इथवर सगळे गोड आहे. पण या रीतीत एक मोठी उणीव आहे आणि तिच्यापायी अनेक लहान विमानतळ आज संकटात आहेत. वैमानिकाने आपला यजमान म्हणून विमानतळाच्या माणसाला ओळखले. विमानाच्या फेरीखाली ज्यांची घरे येतात त्यांना मात्र त्याने यजमान मानले नाही.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाचे उदाहरण घ्या. आपल्याकडच्या जुन्या लोकांना 'डाकोटा' म्हणून माहीत असलेले विमान डग्लस कंपनीने याच गावी घडवले आणि १९३५ साली याच धावपट्टीवरून पहिल्यांदा उडवले. कारखान्यामागून कामगार आले, कामगारांमागून घरे आली आणि घरांनी विमानतळाला विळखा घातला. मग आवाज आणि धूर यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालले. २०१७ साली नगरपालिका आणि केंद्र सरकार यांच्यात तडजोड झाली. धावपट्टी सुमारे पाच हजार फुटांवरून साडेतीन हजार फुटांवर आली, आणि २०२८ चे वर्ष संपल्यावर विमानतळ बंद करण्याची मुभा गावाला मिळाली. शिकागोत तर महापौरांनी तडजोडीचीही वाट पाहिली नाही. मार्च २००३ मध्ये एका रात्री सरोवराकाठच्या मेग्ज फील्डची धावपट्टी बुलडोझर लावून फोडून टाकली. उभी असलेली विमाने तशीच अडकली. पुढे शहराला ३३ हजार डॉलर दंड झाला. पण उखडलेली धावपट्टी दंडाने परत येत नाही.

आवाजाचे एक वेळ सोडा. सॅन होजे शहरातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाची गोष्ट अधिक गंभीर आहे. या लहान विमानांच्या इंधनात अजून शिसे असते. अमेरिकेत मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे १९९६ साली पूर्णपणे गेले, आपल्याकडे २००० साली. विमानांच्या इंधनात ते राहिले. तिथल्या काउंटीने करवून घेतलेल्या अभ्यासात २०२१ साली असे दिसले की, विमानतळाजवळ राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दूर राहणाऱ्यांपेक्षा अधिक आहे. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने तिथे शिसेयुक्त इंधनाची विक्री थांबवली. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेही या इंधनातले शिसे आरोग्याला धोक्याचे असल्याचा निर्वाळा दिला. आता २०३० अखेरपर्यंत ते हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे.

यावर वैमानिकांचा युक्तिवाद ठरलेला असतो: विमानतळ आधी होता, घरे नंतर आली. युक्तिवाद खरा आहे आणि तरीही तोकडा आहे. शिसे ज्या मुलाच्या रक्तात गेले, ते मूल कोणाच्याच आधी आलेले नव्हते. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही मला तितकाच तोकडा वाटतो. मूठभर हौशी लोकांसाठी एवढी जमीन कशाला, तिथे बागा करा, घरे बांधा, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, रुग्णाला शहरात नेणारे विमान याच धावपट्टीवर उतरते आणि उद्याचा वैमानिक इथेच घडतो. आपल्या नात्यागोत्यातली मुले-मुली कर्ज काढून वैमानिक व्हायला अमेरिकेत जातात, तीही अशाच धावपट्ट्यांवर पहिले धडे गिरवतात. लहान विमानतळ एकदा मोडला की त्यावर इमारती उभ्या राहतात, आणि इमारती पाडून धावपट्टी केल्याचे मी तरी कोठे ऐकलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, लहान विमानतळ जगले पाहिजेत, आणि ते जगवण्याचे काम प्रथम तिथे उतरणाऱ्यांचे आहे. वैमानिकांच्या त्या यादीत आणखी काही ओळी ठळक व्हायला हव्यात. उड्डाण झाल्यावर घरांवरून न जाता वळता येत असेल तर वळा. रविवारी सकाळी उतरण्या-चढण्याचा सराव तासन्‌तास एकाच वस्तीवर करू नका. शिसेविरहित इंधन आपल्या इंजिनाला चालत असेल आणि मिळत असेल, तर चार पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. शहाणे वैमानिक हे आजही करतात. पण थोड्यांनी पाळलेली गोष्ट म्हणजे रीत नव्हे. रीत सर्वांनी पाळावी लागते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. १९२८ साली जुहूला विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून तिथेच उतरले. आज त्या धावपट्टीला चहूबाजूंनी वस्तीने वेढले आहे. आणि इकडे प्रत्येक जिल्हा आपल्याला विमानतळ हवा म्हणून मागणी करतो. मागणी जरूर करावी. पण धावपट्टी डांबराने तयार होते, विमानतळ मात्र तिथे येणाऱ्या आणि राहणाऱ्या माणसांच्या एकमेकांशी वागण्यातून तयार होतो. धावपट्टी कोठे आखायची याबरोबरच तिच्या शेजारी कोण राहणार आणि त्यांचे कोण ऐकणार, हेही आजच ठरवले पाहिजे. भांडण उभे राहिल्यावर ते ठरवायला बसले, तर काय होते ते सांता मोनिकाने दाखवून दिले आहे.