वाढले ते स्नायू की मेद?

आपल्याकडे एखाद्याचे गाल वर आले, पोट थोडे पुढे आले की भेटणारा माणूस कौतुकाने म्हणतो, "वा! तब्येत सुधारलेली दिसते." आणि कोणी मेहनतीने चरबी उतरवून हलका झाला, की तोच माणूस चेहरा पाडून विचारतो, "काय हो, बरे नव्हते का?" उपासमार आणि क्षय घरोघरी होते त्या काळात अंगावर चढलेले वजन हे आरोग्याचे लक्षण मानले जाई, आणि त्यात काही गैर नव्हते. आता वारे उलटे फिरले आहे. काट्यावरचा आकडा उतरला की आरोग्य आले आणि चढला की गेले, असे सुशिक्षित माणसेही धरून चालतात. दोन्ही समजुतींत गफलत मात्र एकच आहे. वजन कशाचे वाढले किंवा कशाचे घटले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

नियमित व्यायाम करणाऱ्यांचे या गफलतीने फार नुकसान होते. आम्हा डॉक्टर मंडळींकडे असे दोन प्रकारचे लोक येतात. पहिल्या प्रकारात बहुधा स्त्रिया असतात. चाळिशी आली, गुडघे कुरकुरू लागले म्हणून बाई मनावर घेतात. सूर्यनमस्कार, बैठका, थोडी वजने उचलणे असा व्यायाम नेमाने सुरू होतो. तीन आठवड्यांनी काट्यावर उभ्या राहून बघतात तर किलो-दीड किलो वाढलेले! "व्यायामाने मी जाडच व्हायला लागले," म्हणून व्यायाम बंद. घरातली मंडळीही "तुझ्या अंगाला मानवत नाही ते," असा दुजोरा देऊन मोकळी होतात.

दुसऱ्या प्रकारात बहुधा पुरुष असतात. पहाटे अर्धा तास फिरायचे, परतताना टपरीवर मित्रांबरोबर वडापाव आणि गोड चहा घ्यायचा, आणि सहा महिन्यांत चार किलो वाढले की दंडावर थाप मारून सांगायचे, "डॉक्टर, हे स्नायू आहेत. चरबीपेक्षा स्नायू जड असतो ना?" म्हणजे जिने चालू ठेवायला हवे होते ती थांबली, आणि ज्याने थांबून विचार करायला हवा होता तो खुशीत आहे.

आधी हे 'स्नायू जड असतो' प्रकरण निकालात काढू. एक किलो स्नायू आणि एक किलो मेद यांचे वजन एक किलोच. फरक आकारमानाचा आहे. एक लिटरच्या भांड्यात शरीरातला मेद भरला तर तो सुमारे ९०० ग्रॅम भरेल, आणि स्नायू भरला तर १ किलो ६० ग्रॅम. याचा अर्थ पाच किलो मेद जाऊन त्या जागी पाच किलो स्नायू आले, तर काटा हलणार नाही आणि शरीर मात्र पाऊण लिटरहून थोडे अधिक आटेल. फरक खरा आहे, पण काही चित्रांत स्नायूची लहानशी गोळी आणि शेजारी मेदाचा भलामोठा गोळा दाखवतात तेवढा नाही. माझ्या मते किती जागा व्यापली यापेक्षा कुठली जागा व्यापली हे अधिक महत्त्वाचे. स्नायू दंडात, मांडीत, पाठीत, नितंबांत वाढतात. पुरुषांचा, आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांचाही मेद आधी पोटाची वाट धरतो. पोटात आतड्यांभोवती स्नायूंची शेती होत नाही. पोटाचा घेर वाढत असेल तर स्नायूंचे नाव पुढे करू नये.

आता त्या बाईंच्या दीड किलोचे काय? त्यातले बरेचसे पाणी. व्यायामाची सवय नसलेल्या स्नायूंना काम पडले की ते पुढच्या कामासाठी साखरेचा साठा वाढवतात. या साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. शिवाय पहिल्या दिवसांत अंग आंबते, स्नायूंना बारीक इजा होऊन थोडी सूज येते, तिचेही पाणीच. पाळीच्या आधीचे दिवस असतील किंवा आदल्या रात्री लग्नाच्या पंगतीत पापड-लोणचे जास्त झाले असेल तर त्यात आणखी भर पडते. हे वजन ना स्नायूंचे, ना मेदाचे. त्यावरून काही ठरवू नये आणि पहिले दोन महिने काट्याशी भांडत बसू नये.

फिरणाऱ्या गृहस्थांचा हिशेब वेगळा आहे. नव्याने वजने उचलू लागलेल्या, नीट खाणाऱ्या तरुण पुरुषाचे स्नायू पहिल्या काही महिन्यांत महिन्याला अर्धा ते एक किलो वाढले तर ती चांगली वाढ समजावी. पुढे वेग मंदावतो. स्त्रियांत तो साधारण निम्मा असतो. हे झाले भार घेऊन केलेल्या व्यायामाचे. नुसत्या फिरण्याने हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला निश्चित फायदा होतो; स्नायू किलोकिलोने वाढत नाहीत. उलट मेदाचे गणित किती सोपे आहे पाहा. एक किलो मेद म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. चार किलोंच्या झाल्या ३०,८००. सहा महिन्यांवर वाटल्या तर रोजच्या १७० च्या आसपास. एका वडापावातही यापेक्षा जास्त असतात, आणि अर्ध्या तासाच्या फिरण्यात जेमतेम दीडशे खर्च होतात. वडापाव खाऊ नये असे मी म्हणत नाही. त्याला स्नायू म्हणू नये एवढेच.

ओळखायचे कसे? घरात दोन गोष्टी पुरतात, शिंप्याचा टेप आणि एक वही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि व्यायामापूर्वी मोजावे. व्यायामानंतर दंड फुगलेला दिसतो तो रक्ताने, तासाभरात उतरतो. त्या वेळी आरशासमोर उभे राहणाऱ्या तरुणांचा आनंद मी हिरावून घेत नाही, पण माप तेव्हाचे धरू नये. कमरेचा घेर सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घ्यावा. भारतीयांत पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. टेप नसेल तर आपल्या उंचीएवढी सुतळी कापून ती दुमडून निम्मी करावी. ती कमरेभोवती पुरली पाहिजे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा सल्ला ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी आरोग्यसंस्थेनेही २०२२ मध्ये दिला आहे.

पँटच्या मापावर विश्वास ठेवू नये, हे मुद्दाम सांगतो. "वीस वर्षे झाली, माझी कंबर चौतीसच," असे अभिमानाने सांगणारे कित्येक गृहस्थ पट्टा पोटाच्या खाली बांधत असतात. पोट पट्ट्यावरून पुढे आलेले असते आणि चौतीस इंच असते ते त्याखालचे हाड. साडीच्या परकराची नाडी, सलवारीची नाडी आणि आता इलॅस्टिकच्या पँटी, हे सगळे कपडे मोठे समजूतदार असतात. कमरेची चहाडी करीत नाहीत. ब्लाऊजच्या बाह्या आणि शर्टाची जुनी गुंडी त्यापेक्षा प्रामाणिक.

दर पंधरा दिवसांनी वहीत कंबर, दंड, मांडी आणि वजन लिहावे. त्याखाली अंगातली ताकद लिहावी आणि हा रकाना मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. जोर किती निघाले, बैठका किती, किती किलोचे वजन किती वेळा उचलले, पाण्याची भरलेली कळशी न टेकवता कुठवर नेली. दोन-तीन महिन्यांनी वही आपणहून बोलू लागते. वजन थोडे वाढले, कंबर तेवढीच किंवा कमी, आणि जोर दहाचे वीस झाले, तर स्नायू वाढले असे समजावे. वजन तेच, कंबर दोन इंच कमी आणि ताकद वाढलेली, तर याहून चांगला निकाल नाही. पण काट्याकडे बघून नेमके हेच लोक "काही फरक नाही" म्हणून निराश होतात. वजन वाढले, कंबर वाढली आणि जोर होते तिथेच, तर तो मेद. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मात्र ताकद स्नायू वाढण्याआधीच वाढते, कारण मज्जातंतू काम शिकतात. म्हणून एकटी ताकद पुरावा नव्हे, कमरेबरोबर वाचावी.

व्यायामशाळांतून शरीरातल्या चरबीची टक्केवारी सांगणारे काटे आले आहेत. ते चरबी मोजत नाहीत. तळपायातून किंवा हातातून अगदी सौम्य वीज सोडतात; पाणी असलेल्या पेशींतून ती सहज जाते, मेदातून अडखळते. त्या अडथळ्यावरून, वय आणि उंची धरून यंत्र अंदाज बांधते. पाणी कमी प्यायलात, घाम गाळून आलात, नुकतेच जेवलात, की अंदाज बदलतो. सकाळी २४ टक्के आणि संध्याकाळी २७ टक्के पाहून घाबरण्यात अर्थ नाही. हट्टच असेल तर त्याच यंत्रावर, त्याच वेळी, महिन्यातून एकदा पाहावे. मोठ्या शहरांत 'डेक्सा' नावाची क्ष-किरण तपासणी होते, ती बरीच अचूक आहे, पण सामान्य माणसाला तिची गरज नाही.

उंची-वजनाच्या कोष्टकांनी माणूस कसा फसतो याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकन नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ मध्ये पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंना पाण्याखाली तोलले. त्यातले सतरा जण कोष्टकानुसार वजनाने जास्त, म्हणून लष्करी सेवेला नालायक ठरण्यासारखे होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात मेद कमी आणि स्नायू भरपूर होते.

आपली गोष्ट नेमकी उलटी आहे आणि म्हणूनच हा विषय मला हौशी मंडळींपुरता वाटत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन जवळजवळ सारखे, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासात तर हे नवजात बाळांतही दिसले. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायू कमी, मेद मात्र त्या मानाने राखलेला. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे प्रत्येक गल्लीत दिसतात, आणि मधुमेह त्यांना लवकर गाठतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचे मोठे काम स्नायू करतात. कोठारच लहान असेल तर धान्य उघड्यावर पडणार. अशा माणसाचे वजन व्यायामाने दोन किलो वाढले आणि कंबर तेवढीच राहिली, तर घरच्यांनी पेढे वाटावेत.

वजन उतरण्याचीही हीच तपासणी करावी. साठीतले मधुमेही गृहस्थ उपास करून आठ किलो उतरवतात, सगळे शाबासकी देतात, आणि वर्षाने त्यांना खाली बसून हात न टेकता उठता येत नाही. मेदाबरोबर स्नायूही गेलेले असतात. सध्या बोलबाला असलेल्या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांनीही उतरलेल्या वजनातला काही भाग स्नायूंचा असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना भार देणारा व्यायाम सांगितला आहे, आणि म्हाताऱ्यांनाही सांगितला आहे. सोबत प्रथिने हवीत. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला त्याहून थोडी जास्त. भाकरी, उसळ, पिठले, दूध, अंडी यांतून ती मिळू शकतात. डबाबंद पावडरीचा खर्च करण्यापूर्वी ताटातली उसळ दुप्पट करून पाहावी.

एक प्रश्न हमखास येतो: तालीम सोडली की पैलवानाच्या स्नायूंची चरबी होते का? नाही. त्या दोन निराळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. लाल माती सुटते पण खुराक सुटत नाही, एवढेच घडते. स्नायू आटतात, तूप-बदाम चालूच राहतात आणि मेद साठतो.

महिन्याभरात चार-पाच किलोंचे स्नायू करून देतो असे कोणी सांगत असेल तर ते वजन स्नायूंचे असणार नाही, किंवा इंजेक्शनातून दिलेल्या स्टेरॉइडचे असेल. त्याची किंमत यकृत, हृदय आणि पुरुषाच्या बाबतीत वंध्यत्व या रूपाने मोजावी लागू शकते. आणि व्यायाम असो वा नसो, आठवड्याभरात दोन-तीन किलो वाढले, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो, चढताना धाप लागते, असे असेल तर टेप आणि वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ते पाणी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजाराचे असू शकते.