संचाची किल्ली कुणाकडे?

पोहऱ्याचा दोर किती हात सुटला यावरून सासूबाई सांगायच्या, "यंदा चैत्रातच विहीर तळ गाठणार गं." आता बोअरचं बटण दाबलं की झालं, पाणी किती खोल गेलंय, कळतच नाही. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, पण ते आकडे आपल्या ओट्यापर्यंत येतात कुठे? फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात. आणि मैत्रिणींनो, ते उकळून जात नाही! २०१९च्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायकांना पाणीतपासणी शिकवायचं ठरलं. आमच्याकडे शिकवलीही, संच मात्र कपाटात कुलूपबंद. किल्ली मागितली तर म्हणे, "ताई, कशाला त्रास घेता?" येत्या ग्रामसभेत आम्ही पाचहीजणी पुन्हा मागणार आहोत.