आई फॅमिलीत येते ना?

आपली आई आपल्या फॅमिलीत मोडते की नाही, हे कधी कुणाला विचारावं लागेल असं तुम्हाला वाटलं होतं? माझ्या मावसबहिणीला विचारावं लागलं.

ताई मेलबर्नला असते, पर्मनंट रेसिडेंट आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं. मावशीच्या हातात व्हिजिटर व्हिसा होता, डिंक-खारीकही आणून ठेवली होती. पण २० मार्च २०२० ला ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केली. नुसत्या व्हिसावर आत जाता येईना. सवलत फक्त नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट यांच्या ‘इमिजिएट फॅमिली’ला. म्हणजे नवरा-बायको, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं. आई-बाबा त्यात नव्हतेच! मावशीचा व्हिसा न वापरताच संपला. बाळ सव्वा वर्षाचं झालं, तोवर आजीला ते फक्त मोबाइलवर ओळखत होतं.

तुम्ही म्हणाल, महामारी होती, जीव वाचवायचे होते. मान्य. सीमा बंद केली, क्वारंटाइनच्या जागा मोजक्या होत्या, हेही समजू शकतं. पण जावई इथे अडकला असता तर चौदा दिवस हॉटेलात राहून घरी जाऊ शकला असता. तेच चौदा दिवस मावशीनंही काढले असते की! धोका दोघांचा सारखाच, मग आईलाच का वगळायचं?

१ नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला. लसीचे दोन्ही डोस घेतलेले आई-बाबा ‘इमिजिएट फॅमिली’त धरले जाऊ लागले. कोविशिल्ड, कोव्हॅक्सिन दोन्ही चालत होत्या. मावशी परत कागदपत्रांच्या मागे लागली. लेकीचा जन्मदाखला, लसीचं सर्टिफिकेट, नवा व्हिसा.

पण थांबा, ही सवलत नागरिक आणि पीआरवाल्यांच्याच पालकांना होती. स्टुडंट व्हिसा किंवा तात्पुरत्या वर्क व्हिसावर असलेल्यांच्या आई-बाबांना तेव्हाही नव्हती. म्हणजे आपल्यातले जे तेव्हा तिकडे शिकत होते, त्यांचे आई-बाबा यादीबाहेरच राहिले.

म्हणून सांगते, परदेशातल्या ॲडमिशनसाठी रँकिंग, फी, पार्ट-टाइम जॉब हे सगळं बघालच. त्यासोबत एजंटला एक प्रश्न नक्की विचारा, ‘यांच्या नियमात फॅमिली म्हणजे कोण?’ आणि आई-बाबांचा पासपोर्ट काढलाय का, तेही आजच घरी विचारा.